लोकमान्यांची खोली

आमच्या पेणचे गणपती पार परदेशात जातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी बळ दिलं, ते लोकमान्य टिळक कॉलेजात असताना कुठं राहत, सांगा पाहू? ती खोली अजून आहे बरं का! तीच बघायला मी रामवाडीहून एसटीनं निघाले. खोपोली, बोरघाट मागं टाकत पुण्यात पोचले आणि येरवड्याचं डेक्कन कॉलेज गाठलं.

या कॉलेजचं मूळ १८२१ सालचं, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेचं. आताची दगडी इमारत १८६८ सालची. सर जमशेटजी जिजीभाईंनी तिला मोठी देणगी दिली होती. आज हे अभिमत विद्यापीठ आहे. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व शिकायला इथं लांबलांबून विद्यार्थी येतात.

इमारतीतली टिळकांची खोली जपून ठेवली आहे. दारात उभी राहिले आणि १८७३ साल डोळ्यांपुढं आलं. सोळा वर्षांचा बळवंत. आईवडील दोघंही गेलेले. प्रकृती अगदी किरकोळ. त्यानं ठरवलं, हे वर्ष शरीर कमावण्याचं! रोज तालीम, कुस्ती आणि नदीत पोहणं. त्या वर्षी स्वारी चक्क नापास झाली! स्पष्ट बोलण्यामुळं मित्र त्याला 'मिस्टर ब्लंट' म्हणत. पुढं हाच मुलगा गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाला. याच कॉलेजात आगरकरांशी रात्र रात्र चर्चा झाल्या. सरकारी नोकरी नको, मुलांना शिकवायचं, असं दोघांनी ठरवलं. त्यातून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं.

आणि ते कमावलेलं शरीर? १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं मंडालेचा तुरुंगवास सोसताना त्याचाच आधार झाला.

एक गुपित सांगू? मीही बारावीला नापास झाले होते. चार दिवस घराबाहेर पडले नव्हते. पण माझं वर्ष गेलं ते निव्वळ आळसानं! टिळकांचं गेलं ते रोज पहाटे घाम गाळून. म्हणून 'बाईंनी सांगितलंय' म्हणत दप्तर कोनाड्यात टाकू नका हं! पण कधी हातून एखादं वर्ष निसटलंच, तर तोंड लपवून बसू नका. या वर्षात मी काय कमावलं, एवढं मात्र स्वतःला जरूर विचारा.