व्हर्च्युअल ड्रम्स : घेण्यापूर्वी

दोन वेगळ्या गोष्टी : प्लगइन हे वाजवणारं सॉफ्टवेअर. सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या ड्रम्सच्या ध्वनिमुद्रित ठोक्यांचा साठा. काही लायब्रऱ्यांना ‘कॉन्टॅक्ट’ या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनची पूर्ण, विकतची आवृत्तीच लागते, मोफत ‘कॉन्टॅक्ट प्लेअर’ पुरत नाही. हे आधी तपासावं.

डिस्कवरची जागा : ‘सुपीरिअर ड्रमर ३’ (२०१७) या ड्रम प्लगइनचा साठा सुमारे २३० जीबी. कारण एकाच स्नेअरवरचे हलके, मध्यम, जोरकस ठोके अनेक माइकमधून टिपलेले असतात. मिडी या वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या संदेशपद्धतीत (१९८३) ठोक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात; त्या जोरानुसार योग्य सॅम्पल वाजतं. सॅम्पल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवता येतात; एसएसडी असल्यास लवकर लोड होतात.

जुनं घेताना : मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. तो दुसऱ्याच्या नावावर होतो का, हे कंपनीच्या अटींवर ठरतं. नुसता सीरियल नंबर पुरेसा नाही.