आयुर्विमा : योग कीं क्षेम ?

मागील महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी विम्याचें माहितीपत्रक घेऊन आला. वय तिशीचें, घरीं पत्नी, दोन वर्षांचें मूल, वृद्ध आई आणि डोक्यावर तीस लक्षांचें गृहकर्ज. “गुरुजी, हा विमा गुंतवणूक म्हणून किफायतशीर आहे काय ?” असा त्याचा प्रश्न. पुष्कळ कुटुंबांस हाच प्रश्न पडत असल्यामुळें त्यास दिलेलें उत्तर येथें नमूद करीत आहों.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा शब्द आहे. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें हा योग; जें आहे त्याचें रक्षण करणें हें क्षेम. १९५६ सालीं राष्ट्रीयीकरणानंतर स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कचेरीचें नांवही ‘योगक्षेम’ असेंच आहे. शब्द जोडीचा, परंतु कार्यें दोन. आणि तीं दोन्ही एकाच विमापत्राकडून करवून घेऊं गेल्यानेंच गृहस्थ फसतो.

पत्रकाप्रमाणें दरसाल ५०,००० रुपये वीस वर्षें भरल्यास अखेरीस सुमारें १७ लक्ष ३६ हजार मिळावयाचे होते. दहा लक्षांचे सतरा लक्ष, हें ऐकावयास गोड ! आम्हीं त्यास चक्रवाढ व्याजाचें गणित मांडावयास लाविलें. दर निघाला शेंकडा ५. हेच हप्ते शेंकडा ७ नें वाढले असते तर २१ लक्ष ९३ हजार झाले असते. बरें, मध्यंतरीं कांहीं विपरीत घडल्यास विम्याची मूळ रक्कम दहा लक्ष. म्हणजे कर्जाचा तिसरा हिस्सा. योगही अपुरा आणि क्षेमही अपुरें.

याउलट निव्वळ मुदतीच्या विम्यांत निरोगी तरुणास याहून पुष्कळच कमी हप्त्यांत कित्येक पट रकमेचें संरक्षण मिळतें. मात्र मुदत सुखरूप संपल्यास हातीं कांहीं येत नाहीं. “मग पैसे बुडालेच कीं !” असें तो म्हणाला. चोर आला नाहीं म्हणून पहारेकऱ्याचा पगार कोणी परत मागतो काय ?

पूर्वीं एकत्र कुटुंब हाच विमा होता, असें म्हणतात. तें खरें, पण त्याचा हप्ता कोण भरीत असे? आमच्या घरीं एक विधवा आत्या होती. तिनें चाळीस वर्षें स्वयंपाकघर सांभाळलें. अन्नवस्त्रास ती कधीं मोताद झाली नाहीं. परंतु पंढरपुरास जावयाचें तर गाडीभाडें मागतांना तिची मान खालीं जाई. ती मान आम्ही विसरलों नाहीं.

म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. विवाहित पुरुषानें स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरतांनाच तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालीं पत्नी व मुलें यांच्या नांवें करून ठेवावा. सावकारांस फसविण्याचा हेतु नसेल तर ती रक्कम पत्नीची व मुलांची. तीवर त्याच्या सावकारांचा हक्क पोहोंचत नाहीं, व ती इस्टेटीच्या वांटणींतही येत नाहीं.

असो. ज्याच्या मिळकतीवर कोणी अवलंबून आहे, त्यानें प्रथम पुरेसा विमा उतरावा व उरलेली बचत अन्यत्र करावी. आमच्यासारख्या, मुलें मार्गीं लागलेल्या निवृत्तांस नव्या विम्याची गरज नाहीं. अर्जांत आजार लपवूं नये. आणि विमापत्र कपाटांत कोठें ठेविलें आहे, हें गृहिणीस आजच सांगावें.