१०१ रुपयांचं बक्षीस

कॉलेजला मिळालेली देणगी नक्की ठेवतात कुठे? आणि ती वाढते की विरते?

कॉलेजच्या बक्षीस समारंभात नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. घरी येताना ट्रेनमध्ये पाकीट उघडलं, तर आत १०१ रुपये! एका दिवंगत प्राध्यापकांच्या स्मरणार्थ, मराठीत पहिली आल्याबद्दल. आधी हसू आलं, मग प्रश्न पडला, १०१च का?

उत्तर ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरमध्ये मिळालं. १९८६मध्ये सरांच्या घरच्यांनी १,५०० रुपये दिले होते. अट एकच, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून बक्षीस द्यायचं. यालाच एंडोमेंट म्हणतात, आपल्या भाषेत कायम ठेव. तेव्हा दहा टक्क्यांनी दीडशे रुपये व्याज यायचं. आता पावणेसात टक्क्यांनी येतात १०१ रुपये २५ पैसे.

मुद्दल शाबूत आहे, पण फक्त कागदावर. महागाई वर्षाला सात टक्के धरली, तर भाव साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात, चाळीस वर्षांत सोळापट. म्हणजे तेव्हाच्या दीडशेच्या जागी आज २,४०० हवेत. १०१ रुपयांत पुस्तक सोडा, गाइडही येत नाही.

मग शेअर्समध्ये का नाही?

कारण ट्रस्टचा पैसा विश्वस्तांचा नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार तो वर्षानुवर्षे मुख्यतः बँका, पोस्ट, सरकारी रोखे अशाच ठिकाणी ठेवावा लागे. वेगळी वाट धरायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागायची. ऑडिट झालेले हिशेबही त्यांच्याकडे द्यावे लागतात.

ही सावधगिरी उगाच नाही. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४मध्ये चार लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी मुंबईचा शेअर बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंदांचं दिवाळं वाजलं. टॉवर मात्र १८७८मध्ये उभा राहिला.

दुसरा नियम आयकराचा. करसवलत हवी तर ट्रस्टने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग साधारणपणे कामासाठी खर्च करायचा, १५ टक्के बाजूला ठेवता येतो. लाखावर सात हजार व्याज आलं, तर मुद्दलात परत टाकायला उरतात १,०५० रुपये, म्हणजे जेमतेम एक टक्का. महागाईपुढे हे काहीच नाही.

हार्वर्ड ते पवई

हार्वर्डचा निधी २०२४मध्ये सुमारे ५३ अब्ज डॉलर होता. तो सांभाळायला १९७४पासून वेगळी कंपनी आहे. पैसा शेअर्ससह अनेक ठिकाणी विभागलेला असतो आणि दरवर्षी साधारण पाच टक्केच खर्चायचा, अशी शिस्त. बाकीची वाढ मुद्दलात जाते. गंमत पैशापेक्षा या शिस्तीत आहे.

आपल्या उपनगरात पवईची आयआयटी आहेच. नंदन निलेकणी यांनी २०२३मध्ये ३१५ कोटी दिले, त्याआधीचे ८५ कोटी वेगळे. त्याच वर्षी १९९८च्या बॅचने पंचविशीनिमित्त ५७ कोटींचं वचन दिलं. अर्थात प्रत्येक देणगी कायम ठेव नसते. इमारतीसाठी दिलेला पैसा इमारतीत संपतो. मुद्दल राखून व्याजावर चालणाऱ्या कामासाठी दिलेला मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरू शकतो, त्यात भर पडत राहिली तर.

आपल्या कॉलेजांकडे कोट्यधीश माजी विद्यार्थी कमी असतील, पण बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप तर आहे! साठ जणांनी पाचशे दिले, तरी तीस हजार होतात. पावणेसात टक्क्यांनी वर्षाला २,०२५ रुपये. त्यातले तीनशे मुद्दलात परत टाकले, तरी बक्षिसाला १,७२५ उरतात. देताना ‘कायम निधीसाठी’ असं लेखी द्या, पावतीवरही तसंच लिहून घ्या. आणि दरवर्षी विचारा, ठेव किती झाली?

माझे १०१ रुपये मी खर्च केलेले नाहीत. आमच्या ग्रुपवर पहिली वर्गणी तीच टाकणार आहे.