पट कोणाचा मोजायचा?

कारखाना बंद पाडायचा असला की आधी रिकाम्या जागा भरीत नाहीत. मग उत्पादन घटले म्हणून टाळे लावतात. वस्तीतल्या शाळेचे तसेच होते. एकच शिक्षक उरतो, मुले पांगतात, आणि ‘पट कमी’ असा शेरा पडतो. २०१७ साली महाराष्ट्रात १० हून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे ठरले. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसते! या समितीने पटावरची नव्हे, वस्तीतली मुले घरोघर जाऊन मोजावीत. दुसऱ्या शाळेची वाट मुलांना घेऊन चालून पाहावी. ओढा, हमरस्ता नोंदवावा. मग ठराव शिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर परतू नये.