लोकलहोस्टची लिंक आणि पहाटेचं दूध

इंदापूरच्या एका विद्यार्थ्याने रात्री अकराला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘सर, साइट लाइव्ह केली. गावच्या ग्रुपवर टाकू का?’ लिंकची सुरुवातच ‘लोकलहोस्ट’ने होती. गंमत म्हणून मी ती दाबली, तर साइट उघडलीही. पण माझी! माझ्याच लॅपटॉपवर अर्धवट पडलेलं एक काम समोर आलं. त्याची साइट त्याच्या खोलीत बसून होती.

लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’. त्याचा आकडी पत्ता १२७.०.०.१, आणि तो प्रत्येक संगणकावर स्वतःकडेच बोट दाखवतो. ‘मी माझ्या घरी आहे, ये’ एवढंच सांगून फोन ठेवण्यासारखं ते आहे. मुलाला हसण्यात अर्थ नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात मी वेब सर्व्हर बसवून देतो आणि बिघडला की जाऊन बघतो. पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, शाळा, खतांची दुकानं आणि शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टवाले, सगळीकडे ठरावीक समजुती भेटतात. त्यातली सर्वांत महागात पडणारी म्हणजे ‘इन्स्टॉल झालं, म्हणजे झालं’. आमच्याकडे ठिबक सगळ्यांना माहीत आहे. नळ्या अंथरायला एक दिवस पुरतो. फिल्टर तुंबलाय का, दाब बरोबर आहे का, शेवटच्या ड्रीपरपर्यंत पाणी जातंय का, हे बघण्यात हंगाम जातो. सर्व्हर बसवणं निराळं आणि लावणं निराळं.

‘सर्व्हर म्हणजे पुण्या-मुंबईतलं मोठं मशीन’ ही समजूत आधी बाजूला ठेवू. वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसायचं आणि कुणी पान मागितलं की द्यायचं, एवढंच त्याचं काम. १९९५ साली आलेला अपॅची आणि २००४ साली इगोर सिसोएव यांनी बाहेर आणलेला इंजिन-एक्स हे त्यातले आपल्याकडचे नेहमीचे दोन. दोन्ही फुकट आहेत, आणि एक जीबी रॅमच्या साध्या यंत्रावर एका पतसंस्थेची साइट निवांत चालते. घरातल्या संगणकावर ती जगासाठी का चालवत नाहीत, याचं कारण मशीनची ताकद नव्हे. वीज जाते, आणि घरगुती इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. एकाच पत्त्यामागे शेकडो घरं असतात. बाहेरून आलेल्या माणसाला तुमचं दार सापडतच नाही. म्हणून महिन्याला थोडे पैसे देऊन कुठल्यातरी डेटा सेंटरमधला कोपरा भाड्याने घ्यायचा.

दुसरी तक्रार नेहमीची. ‘पीएचपीची फाइल डबल क्लिक केली, तर कोडच दिसतोय.’ दिसणारच. ब्राउझरला पीएचपी अजिबात कळत नाही, त्याला एचटीएमएल कळतं. पीएचपी सर्व्हरवर चालते, तिच्यातून तयार झालेलं पान ब्राउझरकडे जातं. या भाषेचा जन्मच त्यातला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ यांना आपला ऑनलाइन बायोडाटा किती जण बघतात ते मोजायचं होतं. त्यासाठी १९९४ मध्ये त्यांनी सर्व्हरवर चालणारे काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि पुढच्या वर्षी ते सगळ्यांना खुले केले.

याचीच दुसरी बाजू मात्र भीतीची आहे. अपॅची बसवला, पीएचपी बसवली, पण दोघांची गाठ घालून द्यायची राहिली, तर अपॅची बिचारा पीएचपीची फाइल साध्या मजकुरासारखी वाढून मोकळा होतो. त्या मजकुरात डेटाबेसचा पासवर्डही असतो. इंजिन-एक्सकडे तर पीएचपी चालवायची सोयच नाही. तो विनंती एफपीएम नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे पाठवतो. म्हणून नव्या सर्व्हरवर मी आधी दोन ओळींची चाचणी फाइल टाकतो, ती नीट चालली की लगेच काढून टाकतो आणि मगच खरं काम चढवतो. चाचणी फाइल तशीच विसरलेले सर्व्हर मी बरेच पाहिलेत. त्या पानावर सर्व्हरची सगळी कुंडली मांडलेली असते.

आता झॅम्प. शिकायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. एका बटणात अपॅची, मारियाडीबी, पीएचपी आणि पर्ल. पण ‘झॅम्पवर चाललं, म्हणजे सर्व्हरवर चालेल’ हे खरं नाही. झॅम्पचा डेटाबेस मुळातच मुख्य वापरकर्त्याला पासवर्ड न ठेवता येतो. विंडोजला ‘लोगो’ मोठ्या अक्षरात लिहिला काय आणि छोट्या अक्षरात काय, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. साइट चढवल्यावर निम्मे फोटो गायब झाले की कारण बहुधा हेच. आणि झॅम्पच्या पीएचपीचं घड्याळ बर्लिनचं असतं, कारण तो सुरू करणारा गट जर्मनीतला.

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर दुधाची गोष्ट सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या एका संकलन केंद्रासाठी एका पोराने छान प्रोग्राम लिहिला होता. काटा आणि फॅट मशीनवरून आकडे घ्यायचे, शेतकऱ्याचा नंबर टाकायचा, दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा. लॅपटॉपवर महिनाभर चालला. मग तो भाड्याच्या सर्व्हरवर नेला आणि पहिल्याच पगाराला आरडाओरडा झाला. एका म्हाताऱ्या बाबांच्या पावतीत सकाळचं दूध शून्य आणि आदल्या संध्याकाळी दोनदा दूध. बाबांचं म्हणणं एकच, ‘आवं, मी तर रोज पहिल्या नंबराला असतोय.’

खोच त्यातच होती. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बाबा पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी यायचे, तेव्हा सर्व्हरवर आदल्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झालेली असायची. तारीख कालची, आणि दुपारी बारानंतरचं दूध म्हणजे संध्याकाळचं, असा प्रोग्रामचा हिशोब. संध्याकाळीही तीच गत: साडेपाचच्या आत आलेलं दूध सकाळच्या खात्यात. साडेसहाला आरामात येणाऱ्यांचं सगळं बरोबर. जो लवकर येईल त्याचीच नोंद चुकायची.

पोराने इंटरनेटवर वाचून ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं. काही बदललं नाही. अपॅची बंद करून चालू केला, तरी नाही. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. उबंटूवर या फाइलच्या एकाहून अधिक प्रती असतात, कमांडसाठी वेगळी आणि अपॅचीसाठी वेगळी. तुम्ही बदललेली प्रत सर्व्हर वाचतोय का, हे आधी तपासावं लागतं. ती त्याने बरोबर बदलली होती. पण त्याच्या प्रोग्राममध्ये वेळ पीएचपीकडून येतच नव्हती, डेटाबेस आपल्या घड्याळाने टाकत होता. डेटाबेसचं घड्याळ स्वतंत्र. लॅपटॉपवर ते विंडोजकडून भारतीय वेळ घ्यायचं, म्हणून महिनाभर चूक दिसली नाही. जोडणी होताच डेटाबेसला ‘अधिक साडेपाच तास’ असं सांगणारी एक ओळ घातली, जुन्या नोंदी तेवढ्याच पुढे सरकवल्या आणि बाबांचं दूध पुन्हा पहाटे आलं.

मराठी मजकुराचा घोळ यापेक्षा जुना. ‘सर्व्हरवर मराठी फॉन्ट टाका, म्हणजे अक्षरं नीट दिसतील’ असं मला संस्थांचे सचिव हमखास सांगतात. त्यांचा दोष नाही. डीटीपीच्या काळात मराठी म्हणजे फॉन्टच होता. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट नसला की कागदावर किडे-मुंग्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तीन वेगळे आजार तीन वेगळ्या लक्षणांनी ओळखता येतात. चौकोन दिसले, तर बघणाऱ्याच्या यंत्रात फॉन्ट नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए आणि पैशाचं गोल चिन्ह पुन्हा पुन्हा दिसलं, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय. पण डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर साठवतानाच मजकूर गेला. तो कुठलाही फॉन्ट परत आणत नाही, जुना बॅकअप शोधा.

‘बारामती’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा. युनिकोडच्या लेखी काना-वेलांटी सुट्या धरून सात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट म्हणजे २१ बाइट. योगायोग असा, की ‘इंदापूर’चंही तंतोतंत तेच: चार, सात, एकवीस. पीएचपीचं साधं लांबी मोजायचं फंक्शन २१ सांगतं. त्या हिशोबाने कुणी बातमीचं शीर्षक दहा बाइटवर कापलं, तर चौथं चिन्ह मधोमध तुटतं आणि काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. त्यासाठी बहुबाइट अक्षरं ओळखणारी वेगळी फंक्शनं आहेत, तीच वापरायची. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अजून एक गंमत. त्याचं जुनं ‘यूटीएफ-८’ एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देतं. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही. आणि मोडीही मावत नाही! २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचं प्रत्येक चिन्ह चार बाइटचं आहे. म्हणून नवा डेटाबेस करताना नावात ‘एमबी-४’ असलेला प्रकार निवडावा.

काही समजुती एका ओळीत उडवण्याजोग्या. ‘परवानगीची अडचण आली की ७७७ द्या.’ त्याचा अर्थ त्या यंत्रावरच्या कुणालाही वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा, म्हणजे गोठ्याचं दार काढून ठेवणं. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४, आणि फोटो चढवायच्या एकाच फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे, तिथे पीएचपी चालणार नाही अशा बंदोबस्तासह. ‘एचटीटीपीएसचं कुलूप विकत घ्यावं लागतं.’ लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून प्रमाणपत्रं फुकट देतं, ठरावीक मुदतीने त्यांचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेवायचं. आणि कुलूप रस्त्याला असतं. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. ‘सातबाराची पीडीएफ चढत नाही, सर्व्हर बदला.’ पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी आहे. ती वाढवा, आणि संपूर्ण फॉर्मची मर्यादा वेगळी असते, तीही.

‘पीएचपी आता मेली’ हे मात्र मला कॉलेजात शिकलेली पोरंच सांगतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे, वर्डप्रेसही. मेली आहे ती जुनी पीएचपी. कुणाच्यातरी मोठ्या भावाचा प्रोजेक्ट पिढ्यान्‌पिढ्या फिरतो, त्यात डेटाबेसशी जोडणीची जी जुनी फंक्शनं आहेत ती २०१५ च्या सातव्या आवृत्तीतच काढून टाकली. नव्या सर्व्हरवर तो प्रोजेक्ट चालवला की पांढरं पान. पोरं सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करतात, विंडोज पुन्हा टाकतात. आणि एरर लॉगच्या शेवटच्या ओळीत फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि कुठलं फंक्शन सापडलं नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. मी कुठेही गेलो की चहाच्या आधी तोच मागतो.

इंदापूरच्या त्या विद्यार्थ्याने पुढे रीतसर जागा घेतली, डोमेन घेतलं. मी म्हटलं, फायरवॉल लाव, डेटाबेसचं पोर्ट बाहेरच्यांना बंद कर. तो म्हणाला, ‘सर, आमच्या गावच्या साइटवर कोण हल्ला करणार?’ मी वाद घातला नाही. रात्री साइट सुरू केली, गावच्या ग्रुपवर लिंक सकाळी टाकायची ठरली. सकाळी दोघांनी मिळून ॲक्सेस लॉग उघडला. त्याने वर्डप्रेस वापरलंच नव्हतं, तरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागितलेलं. पीएचपीमायॲडमिन तीन वेगवेगळ्या नावांनी मागितलेलं. पासवर्ड ठेवायची लपवलेली फाइल कुणीतरी दोनदा मागितलेली. कुणा माणसाचा राग नव्हता तो, दिसेल तो पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्राम होते. सगळ्यांना ४०४ मिळालं होतं. ग्रुपवर लिंक टाकल्यावर गावातल्या पहिल्या माणसाची नोंद आली, तेव्हा लॉगची एकोणिसावी ओळ चालू होती.