मधुमेही कुत्रा जेवत नसेल तर

मधुमेही कुत्र्याला साधारणपणे दर 12 तासांनी, जेवणाच्या वेळी इन्सुलिन टोचतात. आधी खाऊ घालावे, मगच सुई. उपाशीपोटी पूर्ण मात्रा दिली, तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते. 60 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली ती धोक्याची. थरथर, झोक जाणे, आकडी ही त्याची लक्षणे. हिरड्यांवर मध चोळून तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. मात्र इन्सुलिन परस्पर बंद करणेही घातकच. मात्रा किती घटवायची, हे पशुवैद्यकालाच विचारावे. बिनमिठाची, बिनकांद्याची उकडलेली कोंबडी कोमट करून पुढे ठेवली, तर वासाने पुष्कळदा भूक चाळवते. उलट्या आणि मरगळही असेल, तर स्वादुपिंडाचा दाह किंवा रक्तात कीटोन साचल्याची शंका घ्यावी. तिथे एक दिवसही थांबू नये.