मोटार घ्यायला निघालात? आधी टेप घ्या!



माघ सरत आलेला असतो. विहिरीचे पाणी रोज हातभर खाली जाते, शेततळे अर्ध्यावर येते. कांदा पोसायला लागलेला असतो आणि नेमकी त्याच वेळी मोटार जळते. मग घाईघाईने तालुक्याला धाव. दुकानदार विचारतो, "किती एच. पी. ची देऊ?" आपण म्हणतो, "शेजाऱ्याची पाचची आहे, मला साडेसातची द्या!"

चूक होते ती इथेच. शेजाऱ्याची विहीर वेगळी, त्याच्या रानाचा चढ वेगळा, त्याची पाइपलाइन वेगळी. बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, चार पावले चालवून बघतो. मोटार मात्र नुसत्या आकड्यावर घेतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे पाणी आणि चढ पाहून पंप घ्यावा. त्यासाठी दुकानात जाण्याआधी घरची टेप घेऊन एक सकाळ रानात घालवा.

काय काय मोजायचे?

पहिले माप पंपाच्या जागेपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचे. हे माप पावसाळ्यातले नको, ऐन उन्हाळ्यातले हवे. दुसरे, पंपापासून रानातल्या सर्वांत उंच जागेपर्यंतचा चढ. गवंडी पाणसळीसाठी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून टप्प्याटप्प्याने धरली, की चढ बिनचूक कळतो. तिसरे, पाइपलाइनची लांबी. आणि चौथे, पाणी किती हवे ते. एक एकराला दोन इंच पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. सेकंदाला ५ लिटर देणारा पंप तासाला १८ हजार लिटर टाकतो, म्हणजे त्याला एकराचे भरणे करायला ११ तास लागतील.

आता हिशेब करू. समजा, पाणी पंपाच्या खाली ४ मीटर आहे आणि रान पंपाच्या वर १२ मीटर. झाले १६. पण पाइपात पाणी घासत जाते, त्यातही जोर खर्च होतो. २०० मीटर लांबीच्या ७५ मिलिमीटर पाइपातून सेकंदाला ५ लिटर नेताना सुमारे ४ मीटर उंचीइतका जोर घासण्यात जातो. एकूण झाले २० मीटर. यालाच पंपवाले 'हेड' म्हणतात.

पाच लिटर गुणिले २० मीटर म्हणजे १००. त्याला ७५ ने भागले की येते १.३३ अश्वशक्ती. ही झाली पाण्याला लागणारी शक्ती. साधा पंप दिलेल्या शक्तीतली जेमतेम निम्मी पाण्यापर्यंत पोचवतो असे धरा. म्हणजे दुप्पट, २.६६. तुम्हाला ३ एच. पी. पुरते!

आता गंमत पाहा. चार पैसे वाचवायला तुम्ही ७५ ऐवजी ६३ मिलिमीटर पाइप टाकलात, तर तेवढ्याच पाण्याला घासण्यात ४ ऐवजी १० मीटरच्या वर जोर जातो. हेड २६ वर चढते आणि ३ एच. पी. पुरेनाशी होते. मग घ्या पाचची! पाइपात वाचवलेला पैसा असा मोटारीत जातो. ठिबक असेल तर ड्रिपरजवळ साधारण एक किलो दाब हवा. त्याचे १० मीटर हेडमध्ये मिळवा, शिवाय फिल्टरसाठी काही मीटर वेगळे धरा.

मोठा पंप म्हणजे चांगला पंप नव्हे

"थोडी मोठी असली तर बिघडले कुठे?" असे कोणी म्हणेल. बिघडते. जास्त हेडचा पंप कमी उंचीवर लावला, की तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, करंट जास्त ओढतो आणि मोटार तापते. विहिरीचा झरा लहान असेल तर पाणी लवकर तुटते, पंप हवा ओढतो आणि कोरडा चालतो. म्हणून दुकानात एच. पी. मागू नका. "२० मीटर हेडला सेकंदाला ५ लिटर देणारा पंप दाखवा," असे म्हणा. पंपावरच्या पाटीवर हेड आणि पाणी दोन्ही लिहिलेले असते. आय. एस. आय. ची खूण बघा. वीजबचतीचे तारे असतील तर तेही बघा.

काठावरचा मोनोब्लॉक पंप घ्यायचा तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरची हवा पाण्याला दाबून पाइपात चढवते. समुद्रसपाटीला ती फार तर १०.३ मीटर चढवू शकते, तेही कागदावर. आपला देश उंचावर, तिथे हवेचा दाब आणखी कमी. म्हणून पंपापासून पाणी ६ मीटरच्या, म्हणजे वीस फुटांच्या आत असावे. त्याहून खोल असेल तर पंप खाली घ्या, नाहीतर पाण्यातली मोटार घ्या.

निगा: रोजची, महिन्याची, वर्षाची

पंप वारंवार पाणी सोडत असेल तर फूटव्हॉल्व्ह बघा. त्याच्या झडपेत काडी, खडा किंवा शेवाळ अडकले की पाणी मागे उतरते. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नका, गाळ येतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर तो तरंगत्या रिकाम्या पिंपाला दोरीने बांधून पाण्याखाली दोन-तीन फूट लोंबता ठेवा. त्याने गाळही येत नाही आणि कागद ओढला जाऊन फाटतही नाही.

दोरीचे पॅकिंग असलेल्या पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळलेच पाहिजे. त्या थेंबांनी दांडा थंड राहतो. गळते म्हणून नट करकचून आवळले की दांडा झिजलाच म्हणून समजा. धार लागली तरच थोडे आवळा, नाहीतर दोरी बदला. महिना-दोन महिने बंद असलेला पंप चालू करण्यापूर्वी वीज तोडून दांडा हाताने फिरवून बघा. लाइनचे काम झाल्यावर पाणी अचानक कमी आले, तर मोटार उलटी फिरत असेल. पंपावरच्या बाणाशी ताडून पाहा आणि तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल वायरमनकडून करून घ्या. एक फेज गेल्यावर मोटार घुंई करून जळते. ते टाळायला स्टार्टरला फेज गेल्यास बंद पाडणारे यंत्र बसवा. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. त्याने फ्यूज वाचतो आणि मोटार जाते.

सौर पंप असेल तर काचांवरची धूळ आठवड्यातून एकदा सकाळच्या गारव्यात पुसा. धूळ बसली की पाणी कमी येते.

आणि एक सोपी परीक्षा. दोनशे लिटरचे पिंप पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. सेकंदाला ५ लिटर येत असेल तर ४० सेकंद लागतील. हा आकडा तारखेसह मोटारघराच्या भिंतीवर खडूने लिहा. दर महिन्याला मोजा. पाण्याची पातळी तेवढीच असताना ४० चे ५५ झाले, तर जाळी तुंबली, पाइप गळतो किंवा पंप झिजला. मोटार जळण्याआधीच तुम्हाला कळेल. हे काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्या, हिशेबही शिकेल.

आता सर्वांत महत्त्वाचे

ताई-माईंनो, हे तुम्हीही वाचा, कारण बटण दाबायला पुष्कळदा तुम्हालाच जावे लागते. ओल्या हाताने, अनवाणी स्टार्टरला हात लावू नका. खाली कोरडी फळी ठेवा. मोटारीचे अर्थिंग कोळसा आणि मीठ घातलेल्या खड्ड्यात असावे. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता, कोरडे अर्थिंग कुचकामी ठरते.

स्टार्टरला 'ऑटो' लावून कोणी विहिरीत उतरू नये. वीज येते, मोटार आपोआप सुरू होते आणि पाण्यातल्या माणसाचा घात होतो. उतरण्याआधी मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात घाला आणि वर एक माणूस उभा करा.

शेततळ्याला चारही बाजूंनी कुंपण हवे. ओला प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो, की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही काठांवर खुंट्यांना गाठी मारलेले दोर बांधून पाण्यात सोडा. हवा भरलेली एक जुनी ट्यूब मोटारघरात टांगून ठेवा.

जळालेली मोटार भरून मिळते. गेलेले लेकरू परत येत नाही. म्हणून टेप घेऊन निघालात की सोबत दोरही घ्या. मापे होतील तेवढ्यात चार खुंट्या ठोकूनही होतील.